रानघोड्यांचा ‘योग्य’ आकडा

येलोस्टोनला जाताना कोडी गावावरून वाट असेल, तर मॅककला पीक्सचे रानघोडे पाहून घ्यावेत. वायोमिंगमधल्या या माळरानाला ना फाटक ना तिकीट. तीनशे फूट लांब राहायचे आणि काही खायला घालायचे नाही, एवढे पाळले की झाले. दुर्बीण असली तर पुष्कळ दिसते: एक घोडा, त्याच्या चारदोन घोड्या, शिंगरे. वाटेवर लिदीचे ढीग लागतात. नर घोडे त्याच त्याच ढिगावर येतात, आधीच्याची लीद हुंगतात आणि वर आपली टाकून जातात.

स्पॅनिश जहाजांतून घोडे अमेरिकेत कसे आले, ते बहुतेकांना ठाऊक असते. माळावर किती घोडे राहू द्यायचे, हे आजचे भांडण मात्र १९७१ नंतरचे आहे.

त्याआधी हे घोडे विमानाने आणि ट्रकने दमवून पकडत. त्यांतले बरेच कुत्र्यांच्या खाद्यासाठी जात. नेवाडातल्या एका नोकरदार बाईंनी मोहीम चालवली आणि १९५९ मध्ये सार्वजनिक जमिनींवर यंत्रांनी होणारी शिकार आणि पाणवठ्यांत विष घालणे बंद झाले. पुढे शाळकरी मुलांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि १९७१ मध्ये संरक्षणाचा कायदा एकमताने मंजूर झाला.

पण १९७६ मध्ये हेलिकॉप्टरला पुन्हा परवानगी मिळाली. १९७८ च्या दुरुस्तीने ‘जादा’ घोडे हटवणे हे या जमिनी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचे कामच ठरवले. जादा म्हणजे किती? त्यासाठी एकेका क्षेत्राची ‘योग्य पातळी’ ठरली. सगळ्यांची बेरीज, गाढवे धरून, आज सुमारे साडेपंचवीस हजार आहे. गंमत अशी, की ‘नामशेष होत आहेत’ म्हणून १९७१ मध्ये कायदा केला, तेव्हाचा सरकारी अंदाजही पंचवीस हजारांच्याच घरातला होता! तो अंदाज कच्चा होता, हे खरे. १९७४ च्या मोजणीत ६० हजारांच्या आसपास जनावरे भरली. पण मग तर ‘योग्य’ आकडा आणखीच तोकडा ठरतो. त्याच गवतावर परवान्याने गुरेही चरतात, आणि चारा कमी पडला की बोट आधी घोड्यांकडे वळते.

२०१३ मध्ये शास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय समितीने शेरा मारला, की या पातळ्या कशाच्या आधारे ठरतात ते स्पष्ट नाही. कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतात, हेही त्याच अहवालात आहे. घोडे उचलत राहिल्यामुळे उरलेल्यांना चारा मुबलक मिळतो आणि वाढ जोमात राहते, हा त्यातला मुद्दा पशुपालकांच्या बोलण्यात क्वचितच येतो.

धरपकड अशी होते: हेलिकॉप्टर कळपाला गोणपाटाच्या दोन भिंतींमध्ये आणते. तोंडाशी शिकवलेला घोडा सोडतात, तो पुढे धावतो आणि बाकीचे त्याच्यामागून सरळ कुंपणात शिरतात. पकडलेले घोडे लोकांना दत्तक देतात, पण घ्यायला लोक पुरत नाहीत. २०२४ मध्ये देशभरातल्या माळांवर ७३ हजारांवर जनावरे होती आणि सरकारी गोठ्या-कुरणांत आणखी ६० हजारांहून अधिक. या कामावरचा निम्म्याहून जास्त पैसा त्यांना पोसण्यातच जातो.

म्हणून आता काही ठिकाणी माद्यांना संततिप्रतिबंधक लस टोचतात. मॅककला पीक्समध्ये हे काम स्थानिक स्वयंसेवकांच्या मदतीने चालते. लस बंदुकीतून लांबूनच मारतात आणि तिचा असर साधारण वर्षभर टिकतो, म्हणून ठरावीक घोडी दरवर्षी पुन्हा शोधून काढावी लागते. कपाळावरचा ठिपका, पायाचा पांढरा मोजा अशा खुणांवरून त्यांची नोंद ठेवलेली असते.