हर्शस्प्रंग असलेल्या मोठ्या माणसांनी जीवनदायीत ऑपरेशन कसं करून घ्यायचं: पात्रता, कागदपत्रं, प्रोसेस

हर्शस्प्रंग म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मापासूनच नसांच्या पेशी (गँगलिऑन सेल) नसणं, त्यामुळे संडास पुढे सरकत नाही. लहानपणी ऑपरेशन झालं की घरच्यांना वाटतं विषय संपला. पण काहींना तिशीतसुद्धा पोट फुगणं, संडास तुंबणं, नकळत कपड्यांना डाग पडणं चालूच राहतं आणि एक दिवस सर्जन म्हणतात परत ऑपरेट करावं लागेल. खर्च ऐकूनच गरगरायला होतं, म्हणून हे लिहितोय.

आधी अपंग सर्टिफिकेटचं बघू, कारण सगळे तिथेच आधी पळतात. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात आतड्याचा जन्मजात आजार नाही आणि पोटावरची पिशवीही (आतड्याचं तोंड पोटावर काढून संडाससाठी लावतात ती) नाही, त्यामुळे नुसत्या हर्शस्प्रंगवर यूडीआयडी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) मिळत नाही. सोबत दुसरं अपंगत्व असेल तर त्याच्यासाठी अर्ज करा.

आता महात्मा फुले योजना, म्हणजे आपली जीवनदायी. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कव्हर. कागद म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार किंवा दुसरं फोटो आयडी. घोळ होतो तो नावाचा. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढलेलंच नसतं, मग काउंटरवर अडतं. हे अॅडमिट व्हायच्या आधी निस्तरा.

जुनी फाइल मात्र जिवापाड जपा. बायोप्सीचा रिपोर्ट (त्यात गँगलिऑन सेल नाहीत असं लिहिलेलं असतं, आजाराचा पुरावा तोच), डिस्चार्ज कार्ड, आणि स्वेनसन, सोआवे की दुहामेल, नेमकं कोणतं पुल-थ्रू (खराब आतडं काढून चांगलं खाली ओढून जोडायचं ऑपरेशन) झालं ते सांगणारी ऑपरेशन नोट. डॉक्टरांना इनडोअर (अॅडमिट पेशंटचं) रेकॉर्ड ३ वर्षंच सांभाळायचं बंधन आहे, त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं तिथे सापडेल या भरवशावर राहू नका, आईच्या कपाटातली पिशवी उपसा.

प्रोसेस अशी की योजनेतल्याच हॉस्पिटलात जायचं, तिथे आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसतो त्याच्याकडे नोंदणी करायची, मग हॉस्पिटल ऑनलाइन मंजुरी मागतं आणि ती आली की ऑपरेशन. एक पेच आहे, पुल-थ्रूचं पॅकेज (योजनेच्या यादीतलं ठरलेलं ऑपरेशन) लहान मुलांच्या सर्जरीत धरलेलं आहे, तुम्ही मोठे, त्यामुळे केस कोणत्या पॅकेजखाली पाठवणार हे सर्जन आणि आरोग्यमित्र दोघांनाही आधीच विचारा. काही ऑपरेशनं फक्त सरकारी हॉस्पिटलांसाठी राखीव आहेत, तेही विचारून घ्या. आतडं अडकलं, इमर्जन्सी आली तर फोनवरून मंजुरी घेता येते.

आणि हो, योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरू, मग बिल लावू असं इथे चालत नाही. ओपीडीचा खर्च यात येत नाही, एनिमाचं सामान आणि पिशव्यांचा महिन्याचा खर्च आपलाच. मंजुरी अडकली किंवा कुणी वर पैसे मागितले तर १५५३८८ ला फोन लावा, फुकट आहे, तक्रार नंबर लिहून घ्या.