फाइल पाठवण्याआधी अक्षरं कर्व्ह केलीत का?

फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि टॉवेल-चादरींची लेबलं छापून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"आमच्या कॉम्प्युटरवर तर बरोबर दिसतंय!" हे आम्ही रोज ऐकतो, आणि ते खरंही असतं. तुमच्याकडे तो फॉन्ट आहे, आमच्याकडे नाही, एवढाच फरक. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप ही डिझाइनची सॉफ्टवेअरं. इलस्ट्रेटरची किंवा इंकस्केपची फाइल कोरलमध्ये उघडली, तरी साधे आकार बहुतेक नीट येतात. फुटतात ती मराठी अक्षरं. म्हणून ती कर्व्ह करायची, म्हणजे अक्षरांचे रेषांचे आकार करून टाकायचे; मग फॉन्ट लागत नाही.

मागच्या लग्नसराईत एक पत्रिका आली. 'चि.'ची वेलांटी च ओलांडून पुढे जाऊन बसलेली, 'सिद्धेश्वर'मधली जोडाक्षरं पाय मोडून सुटी झालेली. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की सगळी पत्रिका इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची दिसते. ते निदान लगेच कळतं. एखादी सरकलेली वेलांटी मात्र घाईत नजरेतून सुटते आणि पाचशे पत्रिका वाया जातात.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. आधी फाइलची एक कॉपी वेगळी ठेवा, कारण कर्व्ह केल्यावर मजकूर बदलता येत नाही. मग मजकूर निवडून कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ. कोरलमध्ये पॉवरक्लिपच्या (एका आकाराच्या चौकटीत बसवलेल्या भागाच्या) आतला मजकूर हमखास राहतो, तिथे आत जाऊन कर्व्ह करा. आमच्याकडे अडलेल्या कितीतरी फाइलींत नेमकं हेच राहिलेलं असतं.

"तुम्हीच टाइप करून घ्या ना," असंही सांगतात. आम्ही नाही म्हणतो ते कामचुकारपणाने नव्हे. मुहूर्ताची वेळ किंवा मामांचं नाव आमच्या हातून चुकलं, तर ते तुमच्या घरच्या कार्यात चुकतं. फॉन्ट पाठवू नका. परवाना नसलेला फॉन्ट आम्ही टाकत नाही.

बाकी थोडक्यात. कोरलच्या नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून सेव्ह अ‍ॅज करताना जुनी आवृत्ती निवडा. सोबत पीडीएफही द्या. इंकस्केप 96 पिक्सेलचा इंच धरतं, इलस्ट्रेटर 72 चा. त्यामुळे पिक्सेलमध्ये मापं असलेल्या इंकस्केपच्या एसव्हीजी फाइलीतला 12 इंची बोर्ड 16 इंची होऊ शकतो. माप मेसेजमध्ये लिहाच. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको.

जमत नसेल तर लॅपटॉप घेऊन दुकानात या, शेजारी बसवून दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही. मांडणीच आमच्याकडून करून घेतलीत, तर हा सगळा व्याप आमच्याकडे. संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे फ्लेक्स सुरू झाले की मात्र रांग लागते, तेव्हा त्या दिवसांतल्या फाइली आठवडाभर आधी द्या.