मीठ-क्लोरीन पद्धत (घरगुती जलतरण तलाव)

तलावाच्या पाण्यात मीठ विरघळवायचे, त्यातून वीज सोडून जागच्या जागी क्लोरीन तयार करायचा आणि त्याने पाणी निर्जंतुक ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. घरगुती तलावांसाठी तिचा प्रसार १९७०च्या दशकापासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला. ‘मिठाचा तलाव’ या नावामुळे अशा तलावात क्लोरीन नसतो असा समज सर्रास आढळतो. तो साफ चुकीचा आहे. धोक्याचाही आहे, कारण त्यापायी लोक क्लोरीन मोजायचेच सोडून देतात. जंतू मारतो तो क्लोरीनच. मीठ हा त्याचा कच्चा माल.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. इथे ३ ते ३.५ ग्रॅम पुरते. अश्रूसुद्धा याहून खारट असतात. म्हणजे ५०,००० लिटरच्या तलावाला सुरुवातीला साधारण १५० किलो मीठ लागते. ते आयोडीनविरहित आणि शक्य तितके शुद्ध हवे. पंप चालू ठेवून ते पसरून टाकतात, तळाशी बसलेला थर ब्रशने हलवतात आणि सगळे विरघळेपर्यंत, साधारण एक दिवस, यंत्र बंद ठेवतात.

यंत्राचा मुख्य भाग म्हणजे ‘सेल’. गाळून आलेले पाणी तिच्यातल्या टायटॅनियमच्या पत्र्यांमधून जाते. धनाग्रावर (विजेच्या धन टोकाला जोडलेल्या पत्र्यावर) क्लोरीन सुटतो, ऋणाग्रावर (ऋण टोकाच्या पत्र्यावर) हायड्रोजन. क्लोरीन पाण्यात मिसळून हायपोक्लोरस आम्ल बनते आणि खरा जंतुनाशक तेच. आपले काम झाले की क्लोरीनचे पुन्हा क्लोराइड होते, त्यामुळे मीठ खर्ची पडत नाही. ते कमी होते ते अंगाबरोबर बाहेर जाणाऱ्या पाण्यातून, गाळणी उलटी धुताना किंवा पावसाने तलाव ओसंडल्यावर. बाष्पीभवनात मात्र नुसते पाणी उडते, मीठ मागे राहते. उन्हाने पातळी उतरली म्हणून दर वेळी मीठ ओतत राहिल्यास पाणी विनाकारण खारट होत जाते.

या पद्धतीत सर्वांत जास्त लक्ष मागतो तो सामू, म्हणजे पीएच: पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचे माप. हायड्रोजनच्या बारीक बुडबुड्यांबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू चढतो. क्लोरीनची ताकद सामूवर ठरते: ७.२ला त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग प्रभावी आम्लाच्या रूपात असतो, ७.८ला जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे मोजणीत क्लोरीन पुरेसा दिसत असतानाही पाणी हिरवट होऊ शकते. तपासणीच्या नळीत फिनॉल रेड या रंग बदलणाऱ्या सूचकाचे थेंब टाकल्यावर पाणी नारिंगीसर झाले तर ठीक. गडद गुलाबी झाले तर सौम्य आम्ल घालायची वेळ झाली. सामू ७.२ ते ७.८ आणि मुक्त (अजून खर्ची न पडलेला) क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, एवढे दोन आकडे आठवड्यातून दोनतीनदा पाहिले तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

उघड्या तलावात ऊन क्लोरीनला काही तासांत संपवते. ते टाळण्यासाठी थोडे सायन्यूरिक आम्ल घालतात. जास्त झाले तर तेच क्लोरीनला मंद करते, आणि ते काढायचे तर पाणी बदलण्यावाचून सोपा उपाय नाही.

तलावाजवळ नाकाला झोंबणारा ‘क्लोरीनचा वास’ हा पुष्कळदा क्लोरीन कमी पडल्याची खूण असतो. घाम आणि मूत्र यांतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी संयोग होऊन क्लोरामाइने बनतात. डोळे चुरचुरतात ते त्यांच्यामुळे, आणि त्यावर उपाय म्हणजे एकदाच क्लोरीनचा भरपूर डोस देणे. पोहण्याआधी अंघोळ करायला सांगतात ते याचसाठी. योग्य मात्रेतला क्लोरीन बहुतेक जिवाणूंना मिनिटांत मारतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र त्यात कित्येक दिवस तग धरतो. म्हणून जुलाब होत असलेल्याने पाण्यात उतरूच नये.

मोठा डोस देण्यासाठी किंवा थंडीत सेल मंदावल्यावर वरून क्लोरीन घालावा लागतो. ब्लीचिंग पावडरच्या जातीचे कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर या दुसऱ्या जातीच्या क्लोरीनच्या गोळ्या कधीही एकत्र करू नयेत, एकच चमचा दोन्हींना वापरू नये. मिश्रण पेट घेते किंवा त्याचा स्फोट होतो. क्लोरीनच्या द्रावणात आम्ल पडले तर विषारी वायू सुटतो.

पाणी जड, म्हणजे कॅल्शियमचे क्षार जास्त असलेले, असेल तर सेलच्या पत्र्यांवर चुन्यासारखा पांढरा थर धरतो आणि क्लोरीन घटतो. आधुनिक यंत्रे विजेची दिशा उलटवून तो बराचसा झाडून टाकतात. उरलेला काढायला सेल सोडवून सौम्य आम्लात थोडा वेळ बुडवतात. असे द्रावण करताना आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. पत्रे खरवडले की वरचा मौल्यवान धातूंच्या ऑक्साइडचा लेप जातो आणि मग सेल बदलावीच लागते. एरवीही काही वर्षांनी ती झिजतेच. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे मऊ दगडाच्या कडांना आणि हलक्या प्रतीच्या पोलादी शिड्यांना खातात. पोहून झाल्यावर त्यांच्यावर साधे पाणी मारलेले चांगले.