काळा आजार आणि भिंतीवरची सहा फुटांची रेघ

काळा आजार (दीर्घ ताप आणि प्लीहा वाढवणारा परजीवीजन्य रोग) वाळूमाशीच, म्हणजे डासाहून लहान अशी रक्त पिणारी माशी, पसरवते हे आसामात १९४२ साली स्वयंसेवकांवर प्रयोग करून सिद्ध झालं. त्याआधी ढेकणांसकट बऱ्याच जणांवर आळ येऊन गेला होता. पुढे पन्नाशी-साठीच्या दशकांत मलेरियासाठी घरोघरी डीडीटी हे कीटकनाशक मारलं गेलं, त्यात वाळूमाशीही मेली आणि रोग जवळपास दिसेनासा झाला. तिच्यासाठी म्हणून कुणी काहीच केलं नव्हतं. फवारणी थांबली आणि १९७७ च्या सुमारास एकट्या बिहारमध्ये रुग्णसंख्या लाखाच्या घरात गेली.

मग खास वाळूमाशीसाठी फवारणी आली, आणि तिच्यासोबत नियम आला: घराच्या भिंती जमिनीपासून सहा फुटांपर्यंतच भिजवायच्या. माशी उड्या मारत सरकते, फार वर जात नाही, हा त्यामागचा तर्क. शिवाय औषध वाचतं. स्टिरप पंपवाली जोडी यायची, एक जण बादलीत पंप हाणणार, दुसरा नळी फिरवणार, आणि मातीच्या भिंतीवर पांढुरका पट्टा उरायचा. घरात लग्नकार्य निघालं की त्यावर शेणामातीचा हात फिरायचा.

पण माशी खालीच असते हे ठरलं कसं? सकाळी टॉर्च आणि काचेची नळी घेऊन घर-गोठ्याच्या भिंतींवर शोधलं, तिथे ती सापडली. सोयीच्या जागी शोधलं, असं माझं मत. तिची अळी डासासारखी पाण्यात नाही, ओलसर मातीत वाढते: गोठ्याच्या कोपऱ्यात, शेण आणि पेंढा मुरलेल्या गाळाच्या जमिनीत. किलोच्या किलो माती चाळून हाती चार-दोन अळ्या लागतात, त्यामुळे त्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

२०१० च्या आसपास गावाबाहेरच्या ताडांवर प्रकाशसापळे टांगले गेले. पंधरा मीटरपेक्षा उंचावरही हीच माशी मिळाली. उजेडाला भुलून ती वर आली असेल, असा आक्षेप घेतला गेला. असेलही. पण वर जाऊच शकत नाही, हा मूळ दावा तिथेच मोडला, आणि झाडोऱ्यात विसावणाऱ्या माशीला भिंतीवरचं औषध लागत नाही, हेही उघड आहे.

पुढे भिंतींवर ठरल्यापेक्षा कमी डीडीटी असल्याचं आणि माशी त्याला दाद देत नसल्याचं दिसलं. २०१५ च्या सुमारास त्याच्या जागी सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे दुसऱ्या गटातलं कीटकनाशक आलं. निर्मूलनाची मुदत २०१०, २०१५, २०१७, २०२० अशी सरकत गेली. दर दहा हजार लोकांमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, ही पातळी सगळ्या बाधित ब्लॉकनी (तालुक्यासारख्या प्रशासकीय भागांनी) २०२३ मध्ये गाठली. यात लवकर निदान आणि रुग्णाला एकाच मात्रेत द्यायच्या औषधाचा वाटा मोठा आहे. फवारणीला श्रेय देताना हे सहसा मागे पडतं.