आम्ले व आम्लारींचे औद्योगिक उपयोग (ठाणे-बेलापूर परिसर)

पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी, ही अऱ्हेनियस यांची व्याख्या शाळेत पाठ झालेली असते. ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी १९२३ मध्ये ती प्रोटॉन देण्याघेण्यापर्यंत रुंद केली. कारखान्यात मात्र तीव्र की सौम्य एवढे कळून फारसे काम होत नाही. पदार्थाची वाफ होते का, तो पाणी ओढतो का, ऑक्सिडीकरण करतो का, त्याचे क्षार विरघळतात की तळाशी बसतात आणि तो कोणत्या धातूच्या टाकीत राहू शकतो, यांवर त्याचा उपयोग ठरतो. सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ही तिन्ही आम्ले तीव्रच, पण एकाचे काम सहसा दुसऱ्याला देता येत नाही.

याची उदाहरणे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहतीत आणि जवळच्या तळोजा व अंबरनाथ येथे मिळतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याच दशकात या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आले आणि दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे ही गावे एमआयडीसीच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

सल्फ्युरिक आम्ल म्हणजे गंधकाम्ल. ठाणे जिल्ह्याला त्याची ओळख या वसाहतींच्याही आधीची आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला हे आम्ल आणि त्यापासून सुपरफॉस्फेट खत तयार केले. खडकातले फॉस्फेट पाण्यात विरघळत नसल्याने पिकाच्या मुळांना मिळत नाही. सल्फ्युरिक आम्लाने त्याचे विद्राव्य मोनोकॅल्शियम फॉस्फेट होते आणि सोबत जिप्सम मिळते. येथे आम्लाची तीव्रता कामी आली. रंग व औषधांची इंटरमिजिएट, म्हणजे मधल्या टप्प्यातली रसायने, बनवताना मात्र त्याचा पाणी ओढण्याचा गुण तितकाच महत्त्वाचा असतो. बेंझीनच्या नायट्रेशनसाठी, म्हणजे त्याला नायट्रो गट जोडण्यासाठी, नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचे मिश्रण वापरतात. नायट्रिक एरवी तीव्र आम्ल, पण सल्फ्युरिकसमोर ते चक्क आम्लारीसारखे वागते. ते प्रोटॉन घेते, पाण्याचा रेणू सोडते आणि नायट्रोनियम आयन तयार होतो. सुटलेले पाणीही सल्फ्युरिकच धरून ठेवते. शाळेच्या पुस्तकातल्या आम्ल-आम्लारीच्या तक्त्यात या वागण्याला जागा नाही. क्युमीनपासून फिनॉल व ॲसिटोन बनवण्याच्या पद्धतीत तर हेच आम्ल अगदी अल्प प्रमाणात, केवळ उत्प्रेरक म्हणून लागते.

साठवण आणि वाहतुकीत हे गुणधर्म अधिक उघड दिसतात. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादी टँकरमधून नेतात, कारण लोखंडावर लोह सल्फेटचा थर बसतो आणि पुढची झीज मंदावते. तेच आम्ल पाण्याने पातळ झाले की पोलाद खाऊ लागते आणि हायड्रोजन वायू सुटतो. त्यामुळे पावसाळ्यात नवी मुंबईच्या दमट हवेत रिकाम्या टाकीकडे दुर्लक्ष करणे भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याचे ठरू शकते. भिंतीवर राहिलेले आम्ल हवेतला ओलावा शोषून विरल होते, आत हायड्रोजन साठतो आणि वेल्डिंगची एक ठिणगी पुरते. म्हणून अशा टाक्यांत हवा ये-जा करण्याच्या नळीवर ओलावा शोषणारा पदार्थ बसवतात. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही संहत (दाट) वा विरल असले तरी पोलाद सोडत नाही, त्याला रबराचे अस्तर किंवा फायबरची टाकी लागते. अतिसंहत नायट्रिक आम्ल ॲल्युमिनियमच्या टाकीत सुखरूप राहते, पण कॉस्टिक लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचे द्रावण, त्याच ॲल्युमिनियमला विरघळवून टाकते. कॉस्टिकला साधे पोलाद चालते.

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातून उचललेल्या मालावर गॅल्व्हनायझिंगआधी (जस्ताचा थर देण्याआधी) पिकलिंग करावे लागते, म्हणजे आम्लात बुडवून गंज व काळा पापुद्रा काढावा लागतो. हायड्रोक्लोरिक आम्ल हे काम न तापवता करते, तर सल्फ्युरिकला साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर न्यावे लागते. हायड्रोक्लोरिक अनेक क्लोरिनेशन प्रक्रियांचे उपउत्पादन म्हणून निघते, त्यामुळे स्वस्तही पडते. मात्र त्याचा धूर शेडचे पत्रे आणि कामगारांची फुप्फुसे दोन्ही खराब करतो, आणि हा हिशेब बिलात येत नाही. फॉस्फोरिक आम्ल सौम्य असून गंज काढता काढता धातूवर फॉस्फेटचा थर सोडते, म्हणून रंग देण्यापूर्वी ते पसंत केले जाते.

तळोज्यातल्या दीपक फर्टिलायझर्सच्या उत्पादनांत आम्ल आणि आम्लारी एकाच साखळीत येतात. अमोनिया ही सौम्य आम्लारी. प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तापलेल्या जाळीवर तिचे ऑक्सिडीकरण केले की शेवटी नायट्रिक आम्ल मिळते. या आम्लाची पुन्हा अमोनियाशी गाठ घातली की उदासिनीकरण होऊन अमोनियम नायट्रेट तयार होते. ते खतात जाते आणि खाणीतल्या स्फोटकांतही.

कॉस्टिक सोड्याची अडचण वेगळी आहे. मिठाच्या द्रावणाचे विद्युत अपघटन करताना १ टन कॉस्टिकमागे सुमारे ०.८९ टन क्लोरीन निघतोच, आणि त्याला गिऱ्हाईक नसेल तर कॉस्टिकचे उत्पादनही रोखावे लागते. पूर्वी यासाठी पाऱ्याचे सेल वापरत. उल्हास खाडीच्या गाळात पारा आढळल्याच्या नोंदी आहेत. आता पाऱ्याऐवजी पातळ पडदा वापरणारे मेंब्रेन सेल आले आहेत.

औषधनिर्मितीत आम्ल-आम्लारीचे नाते विद्राव्यतेसाठी वापरतात. आम्लारीधर्मी मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइडच्या रूपात, तर आम्लधर्मी डायक्लोफिनॅक सोडियम क्षाराच्या रूपात गोळीत येते.

सांडपाणी बाहेर सोडण्याआधी त्याचा सामू साधारणपणे ५.५ ते ९ च्या दरम्यान आणावा लागतो. चुना स्वस्त आहे, पण सल्फ्युरिक आम्लाशी त्याचे जिप्सम होते आणि गाळ उचलून घातक कचऱ्याच्या जागी न्यावा लागतो. हायड्रोक्लोरिकशी त्याच चुन्याचे कॅल्शियम क्लोराइड होते. ते विरघळते, म्हणून गाळ पडत नाही, पण पाण्यातले एकूण क्षार वाढतात. कॉस्टिकने गाळाचा त्रास टळतो, खर्च वाढतो, आणि मात्रा थोडी चुकली तरी सामू झपकन वर जातो. तो वर जाणे अमोनिया असलेल्या सांडपाण्यात विशेष वाईट. सामू ७ असताना माशांना विषारी असलेला मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहून कमी असतो, ९.२५ च्या आसपास तो निम्मा होतो. जवळची ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तेव्हा 'आम्ल होते, भरपूर चुना टाकला' हा जुना उपाय येथे पुरत नाही.

जुन्या रासायनिक कारखान्यांतले अनेक बंद पडले. ऐरोली, रबाळे, महापे येथे आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहिली. वीज गेली की सर्व्हर चालू ठेवणाऱ्या यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांत विरल सल्फ्युरिक आम्लच असते. ते वीज चांगली वाहून नेते, आणि बॅटरी वापरताना बनणारे लेड सल्फेट त्यात जवळजवळ विरघळत नाही, ते पट्टीवरच चिकटून राहते. म्हणून तीच बॅटरी पुन्हा चार्ज करता येते. हायड्रोक्लोरिक आम्ल येथे चालत नाही, कारण चार्ज करताना त्यातून क्लोरीन वायू सुटेल.