तीन पानांची बॅकस्टोरी, आणि पणाला काय?

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या माडीवर महिन्यातून दोन रविवारी फासे पडतात. खेळ रोलप्लेइंगचा: प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट खेळायची. एक जण निपाणीहून येतो, एकजण खानापूरची, तिसऱ्याच्या घरी कन्नड आणि टेबलावर मराठी. मी जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. सध्या खेळतोय ती विज्ञानकथा: गुरूचे उपग्रह, मालवाहू यानं, बर्फाखालची वस्ती.

खानापूरच्या पोरीनं पहिल्याच दिवशी तीन पानं लिहून आणली. तिची पायलट, पायलटचा भाऊ, युरोपा या उपग्रहावरच्या तळावर एका मुकादमाच्या हलगर्जीपणानं झालेला भावाचा मृत्यू. मी हरखलो. महिनाभर खपून सगळी मोहीम अशी रचली, की शेवटी दार उघडतं आणि समोर तोच मुकादम. आवाज खाली आणून, थांबून थांबून मी त्याचं नाव घेतलं. ती म्हणाली, "बरं. मग आता काय करायचं?" निपाणीकर चकली खात होता, तो खातच राहिला.

चूक तिची नव्हती. बॅकस्टोरी आणि स्टेक्स या दोन गोष्टी मी एकच धरून चाललो होतो. दोन्ही 'वैयक्तिक' असतात, दोन्ही कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदाच्या, मागच्या बाजूला लिहितात, म्हणून हा घोळ होतो. बॅकस्टोरी म्हणजे पात्राचं जे होऊन गेलं ते. स्टेक म्हणजे आज संध्याकाळी, या टेबलावर, त्याच्या हातून जे जाऊ शकतं ते. मराठीत याला जुना, नेमका शब्द आहे: पण. द्यूतात फासे टाकण्याआधी विचारतात, पणाला काय? तिथं कुणी आपली वंशावळ सांगत नाही.

आपल्या भागातल्या माणसाला हा फरक समजावणं खरं तर सोपं आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्यावर आमच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी तासभर बोलू शकतं, डोळ्यांत पाणी आणून बोलू शकतं. ती झाली बॅकस्टोरी. आता त्याच घरात जून तोंडावर आलाय आणि धाकटीला मराठी माध्यमात घालायचं की कन्नड, हे ठरायचंय. आजी एक म्हणते, सून दुसरं म्हणते, आणि काहीही ठरवलं तरी काहीतरी हातचं जाणार. हा झाला पण. 1956 नसतं तर हा प्रश्नच आला नसता हे खरं, पण जेवणाच्या ताटावर आवाज चढतो तो प्रवेशाच्या अर्जामुळे.

ही दोन्ही एकाच खेळात शेजारी शेजारी बघायची असतील तर 1977 साली अमेरिकेत निघालेला 'ट्रॅव्हलर' बघा. त्यात पात्र बनवतानाच चार चार वर्षांच्या नोकऱ्या फाशांवर काढायच्या. त्या पहिल्या आवृत्तीत तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरूही शकायचं. एवढा इतिहास फुकटात मिळतो, तरी त्यानं कुणाची झोप उडत नाही. झोप उडते यानाच्या कर्जानं. किमतीचा 240वा भाग दर महिन्याला, असे 480 हप्ते. चाळीस वर्षं, आणि हप्त्यांतच मूळ किमतीच्या दुप्पट फेड. मग खेळाडू बेकायदा माल का घेतात, दोस्ताला का फसवतात, हे कुणाला सांगावं लागत नाही. पतसंस्थेचा हप्ता ज्यानं एकदा तरी चुकवलाय त्याला हे नियम वाचताना घाम फुटतो.

मी मोहीम पुन्हा रचली. मुकादम तोच, भावाचा मृत्यू तोच. फक्त यानाच्या कर्जाला पायलटचा मामा जामीन घातला, राहतं घर तारण ठेवून. यानात माल म्हणून हवा खेळवणारे पंप भरलेत आणि ते ठरल्या तारखेला कॅलिस्टोवर पोचले नाहीत तर हप्ता बुडतो. वाटेत युरोपावरच्या तळाचे पंप बंद पडतात. तिथं साठ माणसं आहेत आणि मदत मागणारा आवाज त्या मुकादमाचा आहे. पंप उतरवले तर मामाचं घर जातं. नाही उतरवले तर साठ जण गुदमरतात, त्यात भावाचा जीव घेणारा एक. म्हणजे बघा, तिची तीन पानं वाया गेली नाहीत. भाजी असल्यावर मीठ लागतंच; मी आधी नुसतं मीठ वाढलं होतं.

विज्ञानकथेत इथं एक सोय आपसूक मिळते, ती सोडू नका. गुरूपासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला, म्हणून रेडिओलाही, सुमारे 33 ते 54 मिनिटं लागतात, दोन्ही ग्रह त्या वेळी कुठं आहेत त्याप्रमाणे. "मामा, घर गेलं तर चालेल का?" असं विचारलं तर उत्तर यायला तासाच्या वर. तळावरची हवा पन्नास मिनिटांची. विचारता येतं, ऐकता येत नाही. 'ट्रॅव्हलर'मध्येही ताऱ्याहून ताऱ्याकडे निरोप यानानंच जातो आणि एका उडीला आठवडाभर लागतो. पत्र हातात पडेपर्यंत ते लिहिणारा आहे की गेला, कोण जाणे. भौतिकशास्त्र तुमच्यासाठी एवढं राबतंय, तर लेझरच्या बंदुका जरा कमी चालतील.

एखादी ओळ बॅकस्टोरी आहे की पणाला लागलेली, हे ओळखायची माझी रीत साधी आहे. ती ओळ शीटवरून खोडून बघतो. तरी खेळाडू तेच करणार असेल, तर ती बॅकस्टोरी.

शिवाय ठरवण्यासारखं काही उरतं का, तेही बघतो. तसं पाहिलं तर अपहरणही बहुतेक वेळा नापास होतं. आईला पळवून नेलं, तर सगळे सोडवायलाच जाणार. ठरवायचं असं काही उरत नाही. आणि आईला मारूनच टाकलं तर तिचाही इतिहास झाला, पणाला लावायला ती उरली नाही. जीएम लोक हे इतक्या वेळा करतात, की जुने खेळाडू शहाणे होऊन पात्रं अनाथच बनवतात. त्यांना दोष कसा द्यायचा? अब्जावधी लोकांची पृथ्वी वाचवा, याबद्दल तर बोलायलाच नको. तेवढा मोठा आकडा माडीवर चढत नाही.

एक काम मात्र आधी करा: काय पणाला लावू नये, हे प्रत्येकाला एकटं गाठून विचारा. कुणाच्या खऱ्या घरात आजारपण असतं, कुणाच्या खऱ्या घरावर जप्ती आलेली असते. मामाचं घर घालण्याआधी मी तिला विचारलं होतं. "घाल की," म्हणाली.

त्या रविवारी पंधरा मिनिटं कुणी फासा उचलला नाही. कन्नडिग दोस्त म्हणाला अर्धे पंप देऊ. मी म्हणालो, अर्ध्यांत तीसच माणसं जगतात, कुठली ते तुम्हीच सांगा. निपाणीकराचा चहा गार झाला. शेवटी तिनं पंप उतरवले, सगळे. मुकादमाशी एक शब्द बोलली नाही.

जिना उतरताना मागं वळून म्हणाली, "दादा, तो हप्ता कुठल्या तारखेला असतोय?"