खांद्याची कंडरा : उघड्या छेदापासून अँकरच्या दुहेरी रांगेपर्यंत
ठाण्यात नौपाड्यातल्या किंवा पाचपाखाडीतल्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे खांद्याचा एमआरआय घेऊन गेलेला रुग्ण बहुधा पहिल्यांदा हेच विचारतो, की शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होणार की उघडून. बोलण्यात आपण ‘नस फाटली’ म्हणतो. प्रत्यक्षात फाटलेली असते ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. दंडाच्या हाडाच्या डोक्याला वेढणाऱ्या अशा चार कंडरांच्या आवरणाला रोटेटर कफ म्हणतात आणि त्यातली वरची, सुप्रास्पायनेटस, सर्वाधिक वेळा फाटते.

बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ मध्ये अशी कंडरा शिवली आणि १९११ मध्ये त्याविषयी लिहिले. प्रत्येक रुग्णाचा पुढे पाठपुरावा करून उपचार यशस्वी झाला की नाही, आणि झाला नसेल तर का, हे नोंदवावे असा आग्रह याच कॉडमन यांनी धरला होता, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. १९४४ मध्ये मॅक्लॉफ्लिन यांनी हाडात खाच करून, छिद्रांतून धागे ओवून कंडरा त्या खाचेत बसवण्याची पद्धत मांडली. १९७२ मध्ये चार्ल्स नीअर यांनी खांद्याच्या माथ्यावरील अ‍ॅक्रोमियन हे हाड काढून टाकण्याऐवजी त्याचा फक्त पुढचा, खालचा भाग तासण्याचा मार्ग दाखवला, त्यामुळे वरच्या डेल्टॉइड स्नायूचे बळ राखता येऊ लागले.

१९८० च्या दशकात दुर्बीण खांद्यात स्थिरावली आणि धागा जोडलेले छोटे अँकर, म्हणजे खुंट्या, हाडात बसवता येऊ लागले. मग वाद छेदाच्या लांबीवरून अँकरच्या मांडणीकडे वळला. अँकरची एकच रांग असली की कंडरा हाडाला जणू एका रेघेवरच टेकते, तिची मूळ जागा मात्र रुंद असते; म्हणून कूर्चेलगत एक आणि बाहेरच्या बाजूला दुसरी अशी दुहेरी रांग आली आणि पुढे, २००६ च्या सुमारास, दोन्ही रांगांमध्ये धाग्यांचे पूल ताणून कंडरा दाबून धरणारी सुचर ब्रिज पद्धत. प्रयोगशाळेत ही मांडणी निश्चितच अधिक बळकट ठरली. रुग्णांमध्ये चित्र इतके सरळ नाही : मोठ्या फाटीत दुहेरी रांगेनंतर कंडरा पुन्हा फाटण्याचे प्रमाण कमी आढळते, लहान फाटीत रुग्णाला जाणवेल असा फरक क्वचितच दिसतो. शिवाय सुचर ब्रिजनंतर कंडरा फाटलीच, तर ती हाडाजवळ न फाटता आत, स्नायूच्या जोडाकडे फाटण्याची शक्यता अधिक असते, आणि तिथे पुन्हा शिवायला चांगली कंडरा फारशी उरत नाही.

२००४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दुर्बिणीतून शिवलेल्या १८ मोठ्या फाटींपैकी १७ सोनोग्राफीत पुन्हा उघडलेल्या दिसल्या, तरीही बहुतेकांची वेदना कमी झाली होती. ब्रिटनमध्ये २७३ रुग्णांची चिठ्ठी टाकावी तशी विभागणी करून उघडी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया ताडून पाहण्यात आली, तेव्हा दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

याचे मूळ शरीराच्या भरून येण्यात आहे. कंडरा आणि हाड यांच्यामधले मूळचे चार थर शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत तयार होत नाहीत, तिथे व्रणाची ऊती भरते. वय, फाटीचा आकार आणि स्नायूत शिरलेली चरबी यांवर ती किती पक्की होईल हे ठरते, आणि तोवर धाग्यांनी फक्त कंडरा धरून ठेवायची असते. म्हणूनच शस्त्रक्रिया कोणत्याही मार्गाने झाली, तरी हात साधारणतः चार ते सहा आठवडे झोळीत राहतो आणि ठाणे लोकलची कडी त्या हाताने पकडणे त्यानंतरही काही महिने लांबणीवर पडते.